प्रतिसाद: कुंपणं सगळी जुनी नाहीत

इंग्लिश खेड्यातली झुडपांची कुंपणं 'हजार वर्षांची' असतात, असं वर म्हटलंय. नैर्ऋत्य इंग्लंडातल्या डेव्हन-कॉर्नवॉलात काही ठिकाणी खरं. मिडलंड्सच्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या, पॅरिशांत (चर्चनुसार आखलेल्या गाव-हद्दींत) सहसा नाही. तिथली सरळसोट, जवळपास निव्वळ हॉथॉर्न या काटेरी झुडपाची कुंपणं बहुतेक १७५० ते १८५० च्या दरम्यान संसदेच्या कायद्यांनी सामाईक शेतं (बिनकुंपणाची मोठी शेतं, त्यात प्रत्येकाच्या विखुरलेल्या पट्ट्या) वाटली गेली तेव्हाची. जुनी शेती बघायची तर हिवाळ्यात, ऊन तिरपं असताना कुरणं बघा: रुंद सरी-वरंबे उठून दिसतात. त्या जुन्या शेतीतला नांगर माती कायम उजवीकडे टाकायचा, त्यामुळे पट्टीच्या मध्यापासून घड्याळाच्या दिशेने फेरे घेतले की माती मधे चढत जाई. वरंबा उलट्या 'एस'सारखा वाकलेला असेल तर तो बैलांच्या लांबलचक जोताचा. टोकाला जागा पुरत नसे, म्हणून वळण आधीच सुरू करावं लागे. सरळ, अरुंद वरंबे बहुधा एकोणिसाव्या शतकातले.

नॉटिंगहॅमशरच्या लॅक्स्टनमध्ये तीन सामाईक शेतं अजून चालू आहेत. नोव्हेंबरअखेरीस गावची ज्युरी (शेतकऱ्यांचं पंचमंडळ) गव्हाचं शेत फिरून खुंट्या ठोकते आणि शेतवाटेवर नांगर घालणाऱ्याला दंड करते. बांध कोरणारे तिकडेही आहेतच!