ताप आला की नागपूरच गाठायचं?

शहरी_संत्रं: आज आईला शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. रांगेत निम्मे लोक कुही, भिवापूर, काटोलकडचे. दुखणं काय, तर सर्दी-ताप. गावात पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) आहे, आशाताई आहे. आता सगळं फुकट झालं म्हणून उठून इथंच काऊन येता?

भिवापूरवाली: दुपारीच वाचलं, राग गिळून आता लिहिते. मागच्या हंगामात भाऊ कपाशीवर फवारणी करून आला तो लाळ गाळतच. बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी. पीएचसीत डॉक्टर 'मीटिंगला'. नर्सनं बिचारीनं फोनवर विचारून ॲट्रोपिन, म्हणजे फवारणीच्या विषावरचं औषध, दिलं अन् पुढे पाठवलं. १०८ची वाट न पाहता शेजाऱ्यानं गाडी काढली. तुमच्या रांगेत असतो तर तुम्ही म्हटलं असतं, नुसत्या उलट्याच तर आहेत! २०१७ ला यवतमाळात फवारणीनं माणसं गेली, तेव्हा चार दिवस चष्मे-मास्कची चर्चा झाली. पुढे?

काटोलचा_गडी: ताई, रोग एकच, अप-डाऊन! मुख्यालयी राहतो म्हणून घरभाडं उचलायचं अन् संध्याकाळच्या गाडीनं नागपूर. डॉक्टर, ग्रामसेवक, मास्तर, सारे सारखेच.

रिटायर्ड_गुरुजी: मास्तरांना मधात काऊन ओढता? मी गावातच खोली करून राहिलो. बायको तेवढी नागपुरात, पोरीची बारावी होती. तुमच्या सरपंचाचा फ्लॅट कुठे आहे ते सांगा आधी.

काटोलचा_गडी: सरपंचाला घरभाडं भेटत नाही, गुरुजी.

रिटायर्ड_गुरुजी: बाकी बरंच भेटते.

माजी_एमओ: नियमानं तीस हजार लोकांमागे एक पीएचसी. माझ्याकडे दुसऱ्या डॉक्टरची जागा रिकामी. सकाळी ओपीडी, दुपारी पोस्टमार्टम, मग ऑनलाइन नोंदी, रात्री बाळंतपण. क्वार्टरचं छत गळायचं, पावसाळ्यात न्हाणीत साप. राहून पाहा एकदा.

भिवापूरवाली: गळतं, मान्य. आमचंही गळते, डॉक्टर. त्याच खोलीत कापूस, कोपऱ्यात फवारणीचे डबे, अन् मधात लेकरं झोपतात. त्याचा भत्ता कोण देते?

शहरी_संत्रं: अरे, मी सर्दीबद्दल बोललो होतो!

काटोलचा_गडी: अन् फुकटाबद्दलही बोलला होतात. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून फुकट झाले ते आरोग्य विभागाचे दवाखाने, म्हणजे आमच्याकडचे पीएचसी अन् ग्रामीण रुग्णालय. मेडिकल-मेयो, म्हणजे नागपुरातले मोठे सरकारी दवाखाने, ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. फुकटाचाच सोस असता तर लोक गावातच थांबले असते. मजुरी बुडवून, एसटीचं तिकीट काढून शौकानं कोण येते?

शहरी_संत्रं: बरं बावा. फवारणीवाले, साप चावलेले, बाळंतिणी, सारे या. खोकलेवाल्यांनी तरी दया करा.

माजी_एमओ: दोन आठवड्यांवरचा खोकला असेल तर थुंकी तपासावी लागते. टीबी नाही हे तुम्हाला रांगेतूनच दिसलं का?

शहरी_संत्रं: घ्या, तुम्हीही तिकडेच. जिंकले सगळे.

रिटायर्ड_गुरुजी: मास्तरांबद्दलचं कोणी मागे घेतलं नाही अजून.