मनीऑर्डर कुणाच्या नावावर यायची?

2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका निघाल्या. आमच्या वाडीला हे कळायला जनगणना लागत नाही. मुंबईच्या गाड्या आल्याशिवाय शिमग्याची पालखी उचलायलाच माणसं पुरत नाहीत. चाकरमान्यानं किती पाठवले यावर गप्पा होतात, पण ते घरात कुणाच्या हातात पडले? तुमच्याकडचं लिहा.

संगमेश्वर
आजोबा परळला गिरणीत होते. मनीऑर्डर यायची पणजीच्या नावावर. पोस्टमन अंगणातून हाक द्यायचा, पणजी अंगठा उठवायची आणि नोटा कनवटीला लावायची. कुपनावर चार ओळी लिहायला जागा असे. आजीला नवऱ्याची खुशाली तेवढ्यातच मिळायची, तीही पोस्टमनच्या तोंडून, सगळ्या घरासमोर. ‘सर्वांस नमस्कार’ यात तीही आली, असं धरायचं.

18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. थोड्या महिन्यांनी आजोबा ट्रंक घेऊन घरी आले, मग आजी काजूच्या कारखान्यात बी सोलायला जाऊ लागली. चिकानं बोटं काळी व्हायची. पहिल्या आठवड्याचे पैसे घेऊन आली तेव्हा पणजीनं सवयीनं हात पुढे केला. आजीनं आधी चहापूड आणली, उरलेले दिले. हे ती सांगते तेव्हा अजून हसते. (चहापूड किती आणली ते मात्र दरवेळी वाढतं.)

दापोली
आमच्याकडे कुवेतचा ड्राफ्ट यायचा. खातं अम्मीचं, पण बँकेत काका बरोबर. ऑगस्ट 1990त इराकी सैन्य घुसलं, अब्बा एका बॅगेनिशी परतले. घराच्या भिंती खिडकीच्या वर आल्या होत्या, तिथंच थांबल्या. सहा पावसाळे आम्ही वर प्लास्टिक बांधून काढले.

चिपळूण
आमचं उलटंच. मुंबईच्या भावाला खोलीच्या डिपॉझिटसाठी आईनं पाटल्या मोडल्या. शिवाय दरवर्षी तांदूळ, कुळीथ, आमसुलं जातात ती वेगळीच. त्याचा हिशेब कोण धरतो?

रत्नागिरीजवळ, बागायतदार
पैसा बाहेरूनच येतो असं नाही. माझी साठ कलमं आहेत, मी स्वतः ठाण्यात नोकरी करतो. राखणीला नेपाळी जोडपं, दिवाळीनंतर येतं आणि पावसाच्या तोंडावर जातं. मागच्या वर्षी पैसे पाठवायला त्याच्याबरोबर दुकानात गेलो. नाव सांगितलं आईचं. म्हटलं, बायकोच्या खात्यावर का नाही?

“ती तर इथंच आहे, शेठ.”

इथंच होती खरी. पेट्यांत पेंढा घालत होती, आंबे लावत होती, माकडं हाकत होती, आणि पगार मी एकालाच देत होतो. यंदा वहीत दोन रकाने केले. दुसऱ्यावर नाव घालायला गेलो, तर तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. सहावा हंगाम होता.