मदत हवी आहे: दाखल्याशिवाय शाळाप्रवेश

नमस्कार मंडळी. वाकडला आमच्या शेजारी इमारतीचं काम चालू आहे. तिथल्या फरशीवाल्या मिस्त्रीची मुलगी १० वर्षांची, मूळची उत्तर प्रदेशची. जवळच्या सरकारी शाळेने "गावचा दाखला आणा" म्हणून दोनदा परत पाठवली. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे पडलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं. तोंडी सांगून झालं. लेखी अर्ज मुख्याध्यापकांकडे द्यायचा की थेट महापालिकेच्या शिक्षण विभागात? पोरगी मराठी फाडफाड बोलते, वाचता मात्र अक्षर येत नाही. आमचा जुना फरशीवाला कुरकुरतो, ह्या लोकांनी दर पाडले. असेलही, पण तो हिशोब पोरीकडून का वसूल करायचा? कोणाकडे अर्जाचा नमुना आहे का?