केरकोरेल हा आफ्रिकान्स गायक कुणी ऐकलाय का? माहिती हवी

पेटीवाला_शुक्रवारपेठ
नमस्कार मंडळी. आम्ही काही हौशी लोक शाहू स्मारकला गाण्यांवर गप्पांचा कार्यक्रम करतो. एकेकानं एक गायक घ्यायचा, बोलायचं आणि जमेल तेवढं वाजवून दाखवायचं. यंदा मी योहानस केरकोरेल घेतलाय. यूट्यूबवर त्याचं 'हिलब्रो' ऐकलं आणि चाल डोक्यातून जाईना. पण एक गोष्ट खटकते. १९७६ ला दक्षिण आफ्रिकेत काळ्यांच्या सोवेटो वस्तीतली पोरं रस्त्यावर आली ती शाळेत आफ्रिकान्स, म्हणजे गोऱ्या राज्यकर्त्यांची भाषा, लादली म्हणून. मग त्याच भाषेत गाणारा गोरा माणूस बंडखोर कसा? त्याला तिकडचा शाहीर म्हणू का? गाण्यांची यादी नको, माणूस कसा घडला ते सांगा.

जहाजी_उत्तरेश्वर
पेटीवाले, माणूस झ्याक निवडलासा. मी जहाजावर मोटरमन होतो. केपटाऊनला जहाज दुरुस्तीला लागलं की गोदीतला एक फिटर इंजिनरूममध्ये ह्याची कॅसेट लावायचा. त्याच्याकडनंच मला ही बाधा झाली.

खरं नाव राल्फ राबी, जन्म १९६० चा, जोहान्सबर्गचा. सुरुवात पत्रकार म्हणून, तीबी सरकारच्या बाजूच्या वर्तमानपत्रांत. १९८६ पासून कलामहोत्सवांत राजकीय चिमटे काढणारे कॅबरे करायला लागला. तिथं राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथाच्या भाषणातलीच वाक्यं उचलून गाण्यात घालायचा. १९८७ ला 'रापोर्ट' ह्या त्याच्या वर्तमानपत्रानं त्याला ह्याच कारणानं काढून टाकला. घरी बसला न्हाई, बँड काढला. बँडच्या नावातच चर्चची टिंगल, म्हणजे घरच्या म्हाताऱ्यांच्या वर्मावर बोट!

१९८९ ला 'ईट क्रीफ' ही तबकडी आली. त्यातलं एक गाणं टीव्ही बंद करा म्हणून सांगतं, का तर पडद्यावर बोथाचं तोंड दिसतंय. सरकारी रेडिओ असली गाणी कसली वाजवतोय! नको असलेल्या गाण्यावर टोकदार हत्यारानं ओरखडे काढायची तिथं पद्धतच होती, म्हणजे कुणी निवेदकानं चुकूनबी सुई ठेवायला नको. त्याच वर्षी कोस कोम्बाईस आणि जेम्स फिलिप्स ह्या गायकांना घेऊन 'फूअलफ्रे' दौरा निघाला, विद्यापीठाविद्यापीठातनं. स्टेलेनबॉशला तर विद्यापीठाच्या आवारात पाऊल ठेवू दिलं न्हाई. मग काय, पोरं जास्तच आली.

तुमच्या 'हिलब्रो'चं सांगतो. जोहान्सबर्गातली उंच इमारतींची दाट वस्ती ती. कागदावर फक्त गोऱ्यांची, पण ऐंशीच्या दशकात तिथं सगळ्या रंगांची माणसं शेजारी शेजारी भाड्यानं राहायला लागलेली. केरकोरेलनं त्या गल्ल्यांवर जीव लावला.

लोक त्याला १९८९ वरच सोडून देतात, ते मला पटत न्हाई. नंतर तो एकटा पियानोला बसला आणि तिथं खरा गायक दिसला. 'हिलब्रो' बेल्जियममध्ये गाजलं, तिकडच्या लोकांनी त्याला आपला मानला. स्टेफ बॉस ह्या डच गायकाबरोबर गायला. पुढं कोस दु प्लेसी ह्या आधीच्या पिढीतल्या कवी-गायकाच्या गाण्यांची अख्खी तबकडी केली. हा दु प्लेसीबी वर्तमानपत्रातलाच, १९८४ ला मोटार अपघातात गेला. ज्यानं जुन्यांची चेष्टा करून नाव कमावलं, त्यानं जुन्याचंच गाणं इतक्या हळुवार गावं, ह्यात मला त्याची उंची दिसते. पेटीला ही चाल सोसंल, धांगडधिंगा सोसणार न्हाई. २००२ च्या नोव्हेंबरात क्लाइनमाँडला त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ४२.

कलापथक_इचल
शाहीर म्हणू नका ही विनंती. अमर शेखांसमोर गिरणी कामगार बसायचा. गाणारा, ऐकणारा आणि गाण्यातलं दुःख एकाच चाळीतलं. केरकोरेलसमोर बसलेली पोरं राज्यकर्त्यांच्या घरातली, गोऱ्या कॉलेजांतली. बापाविरुद्ध बंड आणि मालकाविरुद्ध बंड यात फरक आहे की नाही?

जहाजी_उत्तरेश्वर
फरक हाय, मान्य. पण त्या पोरांना शाळा-कॉलेज संपलं की सक्तीनं दोन वर्षं लष्करात जावं लागायचं, अंगोलाच्या सीमेपर्यंत. जेम्स फिलिप्सनं १९८३ लाच त्यावर गाणं केलं होतं. म्हणजे राग नुसता कॉलेजातला नव्हता. तरी 'शाहीर' शब्द कार्यक्रमात टाळा, नायतर निम्मा वेळ त्यावरच भांडण होईल आपल्याकडं.

प्रकाशयोजना_राजारामपुरी
एक वेगळा मुद्दा. आफ्रिकान्स म्हणजे फक्त गोरे, हे गृहीत धरू नका. ती मातृभाषा असणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास केपकडचे मिश्रवंशीय लोक आहेत. रंगमंचाचा माणूस हवा असेल तर डेव्हिड क्रेमर बघा. इंग्रजी-आफ्रिकान्सची सरमिसळ करून गायचा, म्हणून रेडिओनं त्याचीही गाणी अडवली. पुढे तलीप पीटरसन या संगीतकाराबरोबर १९८७ मध्ये 'डिस्ट्रिक्ट सिक्स' हे संगीत नाटक केलं. केपटाऊनची ही वस्ती १९६६ ला गोऱ्यांसाठी जाहीर करून ६० हजारांवर लोकांना बाहेर काढलं होतं. नाटक बघायला तीच माणसं आली. इचलकरंजीकरांचा आक्षेप तिथे लागू पडत नाही.

पेटीवाला_शुक्रवारपेठ
सगळ्यांचे आभार. ठरलं मग: केरकोरेलच घेतो, पण १९८९ पाच मिनिटांत उरकून पियानोवाल्या काळावर थांबतो. शेवटी क्रेमर-पीटरसनचा उल्लेख. जहाजी काका, ती कॅसेट अजून वाजते का? टेपरेकॉर्डर मी आणतो.

जहाजी_उत्तरेश्वर
वाजते, पण एका बाजूला फिटरचा खोकला भरलाय. चालतंय का बगा.