एएसडी: दोन्ही रिपोर्टांत कड 2 मिमी, मग एकाला छत्री आणि दुसऱ्याला ऑपरेशन का?

इकोवाचक

एएसडी म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या (कर्णिकांमधल्या) पडद्यातलं छिद्र, आणि कड म्हणजे छिद्राभोवती उरलेली पडद्याची पट्टी. टीईईचे (अन्ननलिकेतून केलेल्या इकोचे) दोन रिपोर्ट शेजारी ठेवून वाचायला घेतले आहेत.

पहिला: वय 5, वजन 16 किलो. सेकंडम (पडद्याच्या मधल्या भागातलं) एएसडी 14 मिमी. महाधमनीकडची कड 2 मिमी, बाकी सगळ्या कडा 6 मिमीच्या वर. शेरा: डिव्हाइस क्लोजर (शिरेतून छत्री नेऊन छिद्र बंद करणं) शक्य.

दुसरा: वय 42. सेकंडम एएसडी 24 मिमी. महाधमनीकडची कड 7 मिमी, आयव्हीसीकडची (शरीराच्या खालच्या भागातून रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेकडची) कड 2 मिमी. शेरा: शस्त्रक्रिया.

आधी वाटलं, छिद्र मोठं म्हणून ऑपरेशन. पण छत्र्या 38 मिमीपर्यंत मिळतात, म्हणजे अडचण मापाची नाही. 5 मिमीपेक्षा कमी कड म्हणजे अपुरी, असं धरलं तर दोघांचीही कड अपुरीच आहे. मग निर्णय वेगळे का? आणि 14 मिमीच्या छिद्राला 14 चीच छत्री बसवतात का?

गाइडवायर

छिद्र किती मोठं यापेक्षा कड कुठली कमी आहे, हे आधी पाहायचं.

एएसडीची छत्री म्हणजे निटिनॉल या मिश्रधातूच्या तारेच्या जाळीच्या दोन तबकड्या आणि मधली कंबर. कंबर छिद्रात बसते, तबकड्या दोन्ही बाजूंनी पडद्याला चिमटीत धरतात. महाधमनीच्या बाजूला कड नसली तरी तिथे महाधमनीचं मूळ असतं. दोन्ही तबकड्या थोड्या फाकून त्या मुळाला दोन्हीकडून कवेत घेतात आणि टिकतात. ही कड कमी असणं इतकं सर्रास दिसतं, की निव्वळ तेवढ्यावरून कुणी छत्री नाकारत नाही.

आयव्हीसीच्या बाजूला असा आधारच नाही. कड संपली की थेट शिरेचं तोंड. खालची बाजू मोकळी राहते, छत्री तिरकी होते आणि सुटते. शिवाय टीईईमध्ये हीच कड सगळ्यात वाईट दिसते. बायकेव्हल व्ह्यूमध्ये (वरची आणि खालची मोठी शीर एकत्र दिसते त्या कोनात) प्रोब आणखी खाली सरकवून ती मुद्दाम शोधावी लागते. त्यात युस्टेशियन व्हॉल्व्ह (आयव्हीसीच्या तोंडाशी असलेली पातळ झडप) मोठा असेल तर तोच कड असल्यासारखा भासतो. पडदा आणि ही झडप वेगळी ओळखता येत नसेल, तर ‘कड आहे’ असं लिहूच नये.

कडेइतकीच महत्त्वाची नोंद फुफ्फुसाच्या शिरांची. चारही शिरा डाव्या कर्णिकेत उघडतात का, हे रिपोर्टमध्ये हवं. छिद्र वर एसव्हीसीजवळ (वरच्या मोठ्या शिरेजवळ) असेल आणि उजवी वरची शीर भलतीकडे उघडत असेल, तर तो सायनस व्हेनोसस प्रकार. प्रायमम प्रकारात छिद्र झडपांना खेटून असतं. ही छत्री दोन्हींत चालत नाही.

तबकडी

वरचं बरोबर आहे. मापाचं मी सांगते, कारण गडबड तिथेच होते.

14 ला 14 हा हिशेब नेहमी जुळत नाही. कडा लवचिक असतील तर छिद्र थोडं ताणलं जातं. माप घ्यायचं तर छिद्रात मऊ साइझिंग बलून ठेवून तो हळूहळू फुगवतात आणि कलर डॉप्लरवर छिद्रातून जाणारा प्रवाह थांबला त्या क्षणी फुगवणं बंद करतात. बलूनची कंबर मोजायची ती तिथेच. त्यापुढे फुगवून ‘छान खाच पडली’ म्हणत मोजलं तर माप उगाच वाढतं. छत्री प्रवाह थांबल्याच्या मापाइतकी किंवा 1-2 मिमी जास्त, त्याहून मोठी नाही. कडा टणक असतील तर बरेच जण बलून न वापरता टीईईच्या मापावर ठरवतात.

समजा बलूनवर 16 मिमी आलं. 16 ची अँप्लाट्झर (छत्रीचा एक ब्रँड) छत्री घेतली तर डावी तबकडी कंबरेपेक्षा 14 मिमी मोठी, म्हणजे 30 मिमी. उजवी 26. आता 16 किलोच्या मुलाच्या पडद्याची पूर्ण लांबी मोजून पाहा. 30 मिमीची तबकडी मायट्रल व्हॉल्व्हला (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला) किंवा फुफ्फुसाच्या शिरांच्या तोंडाला न भिडता मावते का? छिद्र बंद होईल, पण तबकडी मावणार नाही, असं लहान मुलांत घडतं. अशा वेळी त्रास नसेल तर वजन वाढेपर्यंत थांबतात.

महाधमनीकडची कड कमी असलेल्या या मुलात मोठं माप निवडण्याचा मोह विशेष टाळायचा. छत्री लहान पडली तर निसटते. जास्त मोठी बसवली तर तिची धार कर्णिकेच्या भिंतीवर आणि महाधमनीच्या मुळावर घासत राहते आणि क्वचित भिंत झिजून आरपार जाते. याला इरोजन म्हणतात. ते विरळा आहे, पण जीवघेणं. बहुतेकदा पहिल्या काही दिवसांत होतं, काही वेळा महिन्या-वर्षांनंतरही. छातीत दुखणं, चक्कर, धाप यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी इको करून हृदयाभोवती पाणी किंवा रक्त साचलंय का ते बघायचं. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडायचं नाही.

इकोवाचक

कड कुठली ते आता कळलं. प्रत्यक्ष बसवताना चुका कुठे होतात? आणि 42 वर्षांच्या रुग्णात कडा चांगल्या असत्या, तर लगेच छत्री बसवली असती का?

गाइडवायर

वाट अशी: मांडीची शीर, आयव्हीसी, उजवी कर्णिका, छिद्रातून डावी कर्णिका, तिथून डाव्या वरच्या फुफ्फुस-शिरेत तारेचं टोक. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन साधारण 100 युनिट प्रतिकिलो, एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) 200 सेकंदांच्या वर, बरेच जण 250 धरतात. मग तारेवरून शीथ (छत्री आत नेण्याची लांब नळी), 16 च्या छत्रीला 7 फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप). डावी तबकडी डाव्या कर्णिकेत उघडायची, हलकेच मागे ओढून पडद्याला टेकवायची, मग कंबर आणि उजवी तबकडी.

पहिली चूक हवेची. शीथमधून डायलेटर (शीथच्या आतली निमुळती नळी) झटक्यात काढला की हवा आत ओढली जाते. शीथचं तोंड हृदयाच्या पातळीखाली ठेवून रक्त आपोआप मागे येऊ द्यायचं, छत्री लोडरमध्ये (शीथमध्ये सरकवण्याआधीच्या छोट्या नळीत) भरताना सलाइनमध्ये बुडवूनच भरायची. तरी बुडबुडा गेलाच तर तो बहुधा उजव्या कोरोनरीत (हृदयाच्याच स्नायूला रक्त देणाऱ्या धमनीत) जातो, कारण पाठीवर झोपलेल्या माणसात तिचं तोंड वर असतं. मॉनिटरवर ईसीजीच्या खालच्या लीड्समध्ये एसटी हा आलेखाचा भाग उचललेला दिसतो, ठोके मंदावतात. सहसा काही मिनिटांत ओसरतं.

दुसरी अडचण नेमकी तुमच्या पहिल्या रिपोर्टमधली. महाधमनीकडे कड नसली की डावी तबकडी पडद्याला समांतर न राहता आडवी येते आणि तिची पुढची कडा उजव्या कर्णिकेत घसरते. ताकद लावून उपयोग नाही. तबकडी फुफ्फुसाच्या शिरेच्या तोंडाशी अर्धवट उघडून दिशा बदलायची.

सोडण्याआधी केबल (छत्री जिच्या टोकाला स्क्रूने जोडलेली असते ती तार) हलकेच ढकलून-ओढून बघायची. टीईईवर प्रत्येक कड दोन तबकड्यांच्या मध्ये दिसली पाहिजे, मायट्रल व्हॉल्व्ह मोकळा पाहिजे. मगच केबल उलट्या दिशेने फिरवून सुटी करायची. सुटल्यावर छत्रीचा कोन बदलतो. केबलचा ताण गेल्यामुळे ते होतं, घाबरण्यासारखं नाही. छत्री निसटलीच तर स्नेअरने (तारेच्या फासाने) उजव्या तबकडीवरचा स्क्रू पकडून परत ओढतात. त्यासाठी आधीच्या शीथपेक्षा किमान 2 फ्रेंच मोठी शीथ टेबलावर तयार हवी.

दाबमापक

42 व्या वर्षी आधी हृदय-फुफ्फुसातलं प्रेशर मोजायचं. छत्री असो वा ऑपरेशन, हे दोन्हीकडे लागू.

फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला रोध 3 वूड युनिटच्या (रोध मोजण्याचं एकक) खाली आणि उजवी बाजू फुगलेली असेल तर बंद करायला हरकत नाही. 3 ते 5 मध्ये प्रवाहाचं गुणोत्तर (फुफ्फुसाकडचा प्रवाह भागिले शरीराकडचा) 1.5 च्या वर असेल तर विचार होतो. 5 आणि वर असेल तर आधी औषधं, आणि रोध त्याखाली आला तरच पुढे जायचं, तेही बारीक भोक ठेवलेली छत्री घेऊन. रक्त उलटं वाहून ऑक्सिजन कमी झालेला असेल तर ते छिद्र म्हणजे उजव्या बाजूची सुटकेची वाट असते, तिला हात लावायचा नाही.

साठीच्या पुढे आणखी एक मेख असते. हृदयाचा डावा खालचा कप्पा ताठ झालेला असतो. छिद्र बुजवलं की डाव्या कर्णिकेतला दाब चढतो आणि फुफ्फुसात पाणी भरतं. म्हणून आधी 10-15 मिनिटं बलूनने छिद्र झाकून दाब मोजतात. एट्रियल फिब्रिलेशन (कर्णिकांचे अनियमित ठोके) असेल तर अॅब्लेशन (त्यासाठी आतून ठरावीक जागा जाळणं) छत्रीच्या आधी उरकलेलं बरं, नंतर जाळीतून डावीकडे जायला त्रास होतो.

तबकडी

घरी गेल्यावरचं थोडं. अॅस्पिरिन 3-5 मिग्रॅ प्रतिकिलो, 6 महिने. 16 किलोला 48 ते 80 मिग्रॅ. या काळात कांजिण्या किंवा फ्लू झाला तर डॉक्टरांना लगेच कळवायचं, कारण मुलांत अॅस्पिरिन आणि हे आजार एकत्र आले तर रेये सिंड्रोमचा (मेंदू आणि यकृताला इजा करणारा गंभीर आजार) धोका असतो. पहिले 6 महिने दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक, छत्रीच्या कडेने गळती उरली असेल तर पुढेही. निटिनॉलमध्ये निम्म्याहून जास्त निकेल असतं, तेव्हा निकेलची मोठी अॅलर्जी आधीच सांगा. एमआरआय चालतो, फक्त छत्रीचं कार्ड दाखवायचं.