भावाने टेक्सासमध्ये सायलेन्सरचे पैसे भरलेत, डीलर नुसता टोलवतोय, काय करावं?

दौलतगंजकर
नमस्कार मंडळी, मी ग्वाल्हेरचा, लष्कर भागात दौलतगंजला राहतो. प्रश्न खरं तर धाकट्या भावाचा आहे पण झोप आमच्या बाबांची उडालीये म्हणून मी विचारतोय. भाऊ ऑस्टिनजवळ असतो, ग्रीन कार्ड आहे, ऑफिसातल्या लोकांबरोबर रानडुकरांच्या शिकारीला जायची सवय लागलीये आणि कानात शिट्टी वाजत राहते म्हणून रायफलीला सायलेन्सर घ्यायचं त्याच्या मनात आलं. जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा सरकारी टॅक्स शून्य झाला म्हणून लगेच एका छोट्या दुकानात पूर्ण पैसे भरून मोकळा झाला. आता तीन महिने होत आले. दुकानदार आधी म्हणाला माल यायचाय, मग म्हणाला फॉर्म टाकलाय, नंबर मागितला तर म्हणे सिस्टिम स्लो आहे, आणि आता बाहेरून कळतंय की तो दुकानच गुंडाळतोय. इंग्रजीत कुठेही विचारलं तर दहा जण दहा गोष्टी सांगतात.

बाबांचं म्हणणं, पैसे दिले म्हणजे वस्तू आपल्या नावावर चढली, उद्या दुकानात काही गडबड निघाली तर पोरगा अडकणार. त्यांना कागदाची धास्ती आहेच. आजोबांची बारा बोअर दुनाळी त्यांच्या लायसन्सवर आहे, २०२३ च्या विधानसभेला आणि परत २०२४ च्या लोकसभेला ठाण्यात जमा केली, दोन्ही वेळच्या पावत्या अजून देवघराच्या खणात आहेत. त्यात भाऊ फोनवर गमतीत बोलून गेला की दिवाळीला येताना तो नळकांडा आणतो, बाबांच्या दुनाळीला लावू. बाबांनी ते खरंच धरलंय. कुणाला नीट माहीत असेल तर सांगा, मला त्यांना मराठीत समजावायचंय.

ह्यूस्टनचा_काका
दौलतगंजकर, आधी बाबांना सांगा की निवांत झोपा. पैसे दिल्याने काहीच नावावर होत नाही. अमेरिकेत सायलेन्सर १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली येतो, प्रत्येक नगाचा सिरियल नंबर सरकारी रजिस्टरमध्ये कुणाच्या तरी नावावर असतोच, आणि एका नावावरून दुसऱ्या नावावर जायला एटीएफची, म्हणजे बंदुका बघणाऱ्या केंद्राच्या खात्याची, मंजुरी आधी लागते. मंजुरी येईपर्यंत वस्तू दुकानदाराच्या ताब्यात राहते, भावाला ती घरी नेता येत नाही. तेव्हा आज तुमच्या भावाकडे फक्त पैसे भरल्याची पावती आहे.

आता दुकानदाराचा खेळ समजून घ्या. डीलरकडून गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या कागदाला फॉर्म ४ म्हणतात. पण माल जर अजून डिस्ट्रिब्युटरकडेच असेल तर आधी एका डीलरकडून दुसऱ्या डीलरकडे तो फॉर्म ३ वर सरकतो, तो मंजूर झाला की माल दुकानात येतो. म्हणजे "माल यायचाय" आणि "फॉर्म टाकलाय" या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात तो सांगत असेल तर त्यातली एक थाप आहे. माझा अंदाज, फॉर्म ४ गेलेलाच नाही. आणि हे तपासायला दुकानदाराच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. ऑनलाइन फॉर्म ४ ला ईफॉर्म्सवर, म्हणजे एटीएफच्या अर्जांच्या साइटवर, भावाचं स्वतःचं खातं लागतं, फोटो लागतो, बोटांचे ठसे लागतात आणि सबमिट होताना त्याला स्वतः सही म्हणून पिन टाकावा लागतो. त्याला विचारा, यातलं काय काय केलंस? पिनच टाकला नसेल तर फॉर्म गेला कुठून.

राघोगडवाला
एवढी कटकट कशाला, टेक्सासने २०२१ मध्येच कायदा केलाय ना की टेक्सासमध्ये बनलेल्या सायलेन्सरला दिल्लीचं, म्हणजे वॉशिंग्टनचं, काही लागत नाही. तिथलाच बनलेला घ्या न् वापरा. आणि आता टॅक्सही शून्य, मग रजिस्टर कसलं?

ह्यूस्टनचा_काका
राघोगडवाला भाऊ, हे वाचून कुणीतरी खरंच करेल हो. कायदा केलाय हे खरं, १ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे, पण राज्याच्या कायद्याने केंद्राचा कायदा पुसला जात नाही. टेक्सास सरकार त्यावर कोर्टात गेलं होतं, पण तिथे काही हाती लागलं नाही. रजिस्टर न केलेला सायलेन्सर जवळ सापडला तर दहा वर्षांपर्यंतची कैद आहे, मग तो ऑस्टिनच्या कारखान्यात बनलेला असो की आणखी कुठे. टॅक्स तेवढा शून्य झाला, फॉर्म, ठसे, फोटो, बॅकग्राउंड चेक सगळं आहे तिथेच आहे. आपल्याकडे एखाद्या दाखल्याची फी माफ झाली म्हणून दाखलाच लागत नाही असं होतं का?

तसंच ते ऑनलाइन बंदुकीचं 'क्लीनिंग किट' म्हणून स्वस्तात सायलेन्सरसारख्या नळ्या विकतात ना, त्याच्या नादीही लागू नका. ते मागवलेल्यांना एटीएफची पत्रं गेलेली आहेत.

दौलतगंजकर
काका, काल रात्री भावाशी बोललो. खातं उघडलंय, ठसेही दुकानातल्या मशीनवर दिले, पण पिन कधी टाकलाच नाही म्हणतो. म्हणजे तुम्ही म्हणता तेच. आणि एक गोष्ट निघाली, दुकानदार एकदा म्हणाला होता की तुझं नाव जुळत नाही. ग्रीन कार्डावर नावापुढे बाबांचं नाव पूर्ण आहे, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं एक अक्षर, आणि ईफॉर्म्सच्या खात्यात त्याने वडिलांचं नाव घातलंच नाही. आता हा घोळ आपल्या सगळ्यांचाच. माझ्या स्वतःच्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे आणि पॅनवर शेवटी, त्यापायी बँकेत तीन चकरा झाल्यात.

सॅन_अँटोनियोतली_सून
नावाचं मी सांगते, आमच्याकडे हेच झालं होतं. ग्रीन कार्डावर जे आहे ते धरून चला, मधलं नाव पूर्ण लिहा, आणि मग खातं, फॉर्म, ठसे तिन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच. ड्रायव्हिंग लायसन्सवरचं नाव आधी दुरुस्त करून घेतलंत तर बरंच, कारण मंजुरीनंतर वस्तू उचलताना दुकानात ४४७३ नावाचा आणखी एक फॉर्म भरावा लागतो आणि तिथे आयडी बघतात. सिटिझन नसलेल्यांना ग्रीन कार्डावरचा एलियन नंबरही द्यावा लागतो, आमच्या दुकानातल्या पोराला ते माहीतच नव्हतं, रकाना रिकामा सोडला आणि फॉर्म परत आला.

आणि एक विचारते, भाऊ लग्नाचा आहे का? कारण एकट्याच्या नावावर घेतला की तो घरी नसताना बायकोच्या हाताला येईल असा ठेवता येत नाही. आमच्या ह्यांनी आधी एकट्याच्या नावावर घेतला, मग कळलं की हे ऑफिसला आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे, म्हणजे मीच गुन्हेगार! दुसऱ्या वेळी ट्रस्ट केला, म्हणजे वस्तू एकट्याच्या नाही, ट्रस्टच्या नावावर. त्यात जेवढे जबाबदार म्हणून नाव घालाल तेवढ्या प्रत्येकाचे ठसे आणि फोटो लागतात, म्हणून उगाच दीर-जावांना घालू नका. फॉर्मची एक प्रत गावच्या पोलिस चीफला किंवा शेरीफला पाठवायची असते. २०१६ च्या आधी त्यांची सही लागायची, आता नुसतं कळवायचं.

दौलतगंजकर
लग्न झालंय वहिनी, आणि किल्ली तिच्याकडेच असते.😀

थाटीपूरकर
मध्येच विचारतो, माझा मित्र डॅलसला एच वन बी वर आहे, तोही घेऊ शकतो का?

ह्यूस्टनचा_काका
साधारणपणे नाही. व्हिसावर असलेल्यांना तिथे बंदूक जवळ ठेवायलाच मनाई आहे, चालू हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते, पण त्याने इथे विचारून नाही, तिथल्या वकिलाला फी देऊन विचारावं. चूक झाली तर नुसता सायलेन्सर नाही, व्हिसाही जाईल.

दौलतगंजकर, आता दुकान बंद होण्याचं. फॉर्म ४ गेलेला नाही हे एका अर्थी बरंच झालं. गेलेला असता आणि मध्येच दुकान मिटलं असतं तर तो मागे घेऊन, माल फॉर्म ३ ने दुसऱ्या डीलरकडे सरकवून, त्या डीलरच्या नावाने सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं, कारण फॉर्मवर देणारा म्हणून दुकानाचं नाव असतं. भावाला सांगा आज ईमेल टाक, फोन नको. त्यात फक्त एवढंच विचार की माझ्यासाठीच्या नगाचा सिरियल नंबर काय आणि तो आत्ता दुकानाच्या नावावर आहे का. नंबर दिला तर दुसऱ्या दुकानाला गाठून तिकडे सरकवून घ्यायचं, बहुतेक जण थोडी ट्रान्सफर फी घेऊन करतात. नंबर दिला नाही तर दुकानात मालच नाही, मग सरळ पैसे परत मागायचे, कार्डाने भरले असतील तर बँकेकडे डिस्प्युट टाकायचा, आणि तोही लवकर, त्याला मुदत असते.

आणि मंजुरीनंतर घेताना नळीवर कोरलेला नंबर आणि फॉर्मवरचा नंबर भिंगाने बघून जुळवा. एका अंकाची चूक निघाली तर न उचलता परत फिरा.

मोराराचा_वकील
इकडचं मी सांगतो, बाबांना हे वाचूनच दाखवा. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम २ मध्ये फायरआर्मची व्याख्या आहे, त्यातच बंदुकीचा आवाज किंवा उजेड कमी करणारं उपकरण सुद्धा धरलेलं आहे. म्हणजे भारतात ती नुसती नळी पण कायद्याच्या नजरेत बंदूकच. बॅगेत घालून दिल्लीला उतरला तर विनापरवाना शस्त्र आयात केल्याची केस, आणि तिकडून निघतानाही अमेरिकन परराष्ट्र खात्याचं एक्स्पोर्ट लायसन्स लागतं ते वेगळंच. फोनवर गमतीतही बोलू नका असं मी म्हणेन. भाऊ दिवाळीला येताना चॉकलेट आणू दे.

आणि दुनाळीला दोन नळ्या असतात हो, लावणार कशाला?

बाबांच्या लायसन्सचं बघितलंय का कुणी? २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका लायसन्सवर दोनच हत्यारं राहतात, आधी तीन होती, आणि मुदत तीनची पाच वर्षं झाली. आपल्या चंबळकडे आजोबा-काकांची मिळून तीन-तीन नावावर असलेले कितीतरी लोक माझ्याकडे येतात, तेही मुदत संपल्यावर. शिवाय लायसन्सवर युआयएन, म्हणजे लायसन्सधारकाचा सरकारी ओळख क्रमांक, आहे का तेवढं बघून ठेवा, नसला तर कलेक्टोरेटच्या शस्त्र शाखेत जावं लागेल.

राघोगडवाला
काका, माझं चुकलं, टेक्सासवाली पोस्ट काढून टाकतो. पण एक सांगा, सायलेन्सर लावला की खरंच फुस्स असा आवाज येतो का, सिनेमात येतो तसा?

ह्यूस्टनचा_काका
काढू नका हो, खाली उत्तर आहे ते लोक वाचतील. फुस्स वगैरे काही नाही. रायफलीचा बार साधारण १६० डेसिबलच्या आसपास असतो, त्यातले वीस-तीस कमी होतात. कानाला व्हायची ती इजा कमी होते एवढंच, शेतातल्या डुकराला नीट ऐकू जातं. मी तर सायलेन्सर असला तरी कानात बोळे घालतो.

दौलतगंजकर
अपडेट. भावाने ईमेल टाकला, दोन दिवसांनी उत्तर आलं की नंबर अजून अलॉट झालेला नाही. म्हणजे माल नाहीच. कार्डाने भरले होते, बँकेत डिस्प्युट टाकलाय. दुसऱ्या दुकानात जाऊन आलाय, तिथे माल कपाटात समोर दिसतो, नंबर वाचून घेतला, आणि ट्रस्टचे कागद करायला दिलेत, वहिनीचं नाव घालून. ड्रायव्हिंग लायसन्सवर बाबांचं पूर्ण नाव चढवायला पुढच्या मंगळवारची अपॉइंटमेंट आहे.

बाबांना वकीलसाहेबांची पोस्ट वाचून दाखवली. सायलेन्सरचा विषय त्यांनी तिथेच सोडला, उठून आतून लायसन्स काढून आणलं, चष्मा लावून बघितलं तर मुदत गेल्या महिन्यातच संपलेली. मोराराचे वकीलसाहेब, तुमचा नंबर मेसेजमध्ये पाठवाल का, सोमवारी सकाळी त्यांना घेऊन येतो.