मदत हवी आहे : जोडणी ३०० एमबीपीएसची, मग तारेने मोजल्यावर ९४ च का?

नमस्कार.

घरी ३०० एमबीपीएसची (सेकंदाला ३०० मेगाबिट) फायबर जोडणी घेऊन आठ महिने झाले. सुरुवातीला काम कुठे अडत नव्हते, त्यामुळे वेग मोजून पाहण्याचे मनातही आले नाही. गेल्या दोन महिन्यांत मात्र रात्रीच्या व्हिडिओ बैठकांमध्ये समोरच्याचा आवाज तुटू लागला आणि चेहऱ्याचे चौकोनी ठिपके होऊ लागले, तेव्हा मोजमाप सुरू केले. त्या मोजमापांनी माझा गोंधळ आणखी वाढवला आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी माझी एक चूक कबूल करतो. मोठी फाइल उतरवताना ब्राउझर सेकंदाला ११.२ असा आकडा दाखवत होता आणि ३०० ऐवजी ११ मिळतात म्हणून मी कंपनीला रागाने फोन केला होता. ब्राउझर मेगाबाइट मोजतो, जाहिरात मेगाबिटमध्ये असते आणि ८ बिटांचा १ बाइट होतो, हे मला नंतर कळले. त्या हिशेबाने ११.२ म्हणजे साधारण ९० एमबीपीएस होतात. तेही ३०० च्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच आहेत, त्यामुळे राग चुकीच्या आकड्यावर निघाला असला तरी तक्रार खरीच होती.

आता खरे आकडे देतो. फायबरची तार थेट ज्या उपकरणात येते तेच आमचे राउटर आहे आणि ते प्रवेशद्वाराजवळच्या बंद कपाटात आहे. तिथून माझ्या खोलीपर्यंत, दाराच्या चौकटीखालून नेलेली सुमारे १५ मीटरची लॅन केबल लॅपटॉपला जोडली आहे. या केबलवर दुपारी वेग मोजला की दर वेळी ९३ ते ९४ मिळतात. ना कधी ९६, ना कधी ८८. झोपण्याच्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे, वाय-फायवर ३५ ते ४० मिळतात. रात्री ९ ते ११ या वेळात केबलवरचा वेगही ४० च्या आसपास घसरतो आणि वाय-फायबद्दल तर न बोललेलेच बरे.

कंपनीचे तंत्रज्ञ दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा ते भर दुपारी आले, राउटरपासून हातभर अंतरावर उभे राहून त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर वेग मोजला, २८१ हा आकडा मला दाखवला आणि ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून तक्रार बंद केली. वाय-फायपेक्षा तार भरवशाची असे आजवर ऐकत आलो आहे. मग त्यांच्या मोबाइलला हवेतून २८१ मिळतात आणि माझ्या लॅपटॉपला तारेतून ९४, हे कसे? दोष घरातला आहे की कंपनीच्या बाजूचा, हे ठरवता येईल अशी एखादी पद्धत जाणकारांनी सुचवावी, ही विनंती.

प्रतिसाद

तुमच्या आकड्यांत ९४ हा सर्वांत बोलका आहे. इंटरनेटचा वेग नैसर्गिकरीत्या कमी होतो तेव्हा तो वरखाली होतो. दर वेळी नेमका ९४ वर येऊन थांबत नाही. असा आकडा दिसला की वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची जोडणी आहे असे समजावे. माहिती लहान लहान पाकिटांत (पॅकेट) विभागून पाठवली जाते; त्या जोडणीवर प्रत्येक पूर्ण पाकिटासाठी १५३८ बाइट जागा खर्ची पडते आणि तुमच्या उपयोगाची माहिती त्यात फार तर १४६० बाइट असते, म्हणून १०० चे प्रत्यक्षात ९४-९५ उरतात.

लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेगासाठी चारही जोड्या लागतात, तर १०० एमबीपीएससाठी केशरी आणि हिरवी या दोनच पुरतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली, तर दोन्ही बाजूंची उपकरणे बहुधा कोणतीही सूचना न देता १०० वर तडजोड करतात, आणि इंटरनेट ‘चालू’ असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे केबलच्या दोन टोकांच्या उपकरणांनी आपसांत ठरवलेला वेग, पाहा. तिथे १००/१०० दिसले, तर तुमची दुपारची तक्रार कंपनीकडे नेण्यासारखी नाही.

केबल बदलण्याआधी राउटरचे पोर्टही पाहून घ्या. काही उपकरणांत एकच पोर्ट गिगाबिटचा असतो आणि बाकीचे १०० चे; शेजारी जीई (गिगाबिट) आणि एफई (१००) अशी बारीक अक्षरे असतात, त्यांतला जीई आपल्या कामाचा. लॅपटॉपला यूएसबीतून लॅन जोडणारे जुने अडॅप्टर लावले असेल, तर त्याचीही मर्यादा १०० असू शकते.

प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. केवळ वाय-फायबद्दल थोडी भर घालतो. झोपण्याच्या खोलीत तुमचा मोबाइल बहुधा वाय-फाय लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर असावा. हा पट्टा भिंतींपलीकडे अधिक चांगला पोहोचतो, पण सर्वसाधारण २० मेगाहर्ट्झ रुंदीत आणि एका प्रवाहात (एकाच अँटेनाने) वाय-फाय ४ या जुन्या पिढीची जोडणीच मुळी ७२ एमबीपीएसची होते. शेजाऱ्यांची दहा-पंधरा नेटवर्के त्याच हवेत बोलत असतील, तर त्या ७२ चे हातात ३५-४० पडणे अगदी अपेक्षित आहे. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण भिंतींपुढे लवकर हतबल होतो. तंत्रज्ञांना २८१ मिळाले ते ५ गिगाहर्ट्झवर आणि हातभर अंतरावरून. तो आकडा खोटा नव्हता, पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते.

राउटर कपाटातून बाहेर काढून शक्य तितका मध्यावर आणि उंचावर ठेवा. आरसा लावलेले कपाट वाटेत असेल तर तेही टाळा, कारण आरशामागचा धातूचा थर लहरी परतवतो. २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी जो चॅनेल सर्वांत मोकळा असेल तो निवडा. हे तिन्ही एकमेकांवर चढत नाहीत.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. लिंक स्पीड पाहिला आणि तो खरोखरच १००/१०० होता. पोर्ट जीईच होता. मग केबलच्या राउटरकडील टोकाचा पारदर्शक प्लग उजेडात धरून पाहिला, तर सात तारांची टोके पुढच्या कडेला टेकलेली होती आणि शेवटची तपकिरी तार जवळपास तांदळाच्या दाण्याएवढी मागेच राहिली होती. तयार प्लगची नवी केबल लावताच लिंक स्पीड १००० झाला आणि त्याच दुपारी वेग २८६ मिळाला. दोन महिने मी त्या एका तारेपायी कंपनीला दोष देत होतो, याचे वाईट वाटते.

राउटर कपाटावर आणून ठेवल्यावर झोपण्याच्या खोलीत मोबाइल ५ गिगाहर्ट्झ पकडतो आणि १४० च्या आसपास वेग मिळतो, तेवढा मला पुरेसा आहे.

रात्रीचा प्रश्न मात्र तसाच आहे. नव्या केबलवर काल रात्री साडेनऊला ५२ मिळाले. आता याला केबल किंवा भिंत जबाबदार धरता येणार नाही ना?

प्रतिसाद

केबल नाही, पण घर अजून पुरते निर्दोष ठरलेले नाही. रात्री सगळे घरी येतात आणि प्रत्येकाचा मोबाइल वाय-फाय मिळताच दिवसभराची छायाचित्रे गुपचूप वर चढवू लागतो. अपलोडची वाट भरली की डाउनलोडही मंदावते, कारण आलेल्या प्रत्येक माहितीची पोच त्याच वाटेने परत जावी लागते. बैठकीतला आवाज तुटतो तोही पुष्कळदा यामुळेच. म्हणून एका रात्री राउटरचे वाय-फाय पूर्ण बंद करा, केबलवर एकच लॅपटॉप ठेवा आणि मग मोजा. तरीही वेग पडला, तर दोष तुमच्या घराबाहेरचा आहे असे खुशाल म्हणा.

घराबाहेर काय घडत असावे तेही सांगतो. एकच फायबर अनेक घरांत वाटून देणाऱ्या प्रचलित जीपॉन पद्धतीत एका फायबरची खाली येणारी क्षमता सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारी सुमारे १.२५ गिगाबिट असते, आणि ती सहसा ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ३२ घरांनी प्रत्येकी ३०० मागितले तर ९.६ गिगाबिट लागतील. सगळे एकदम मागत नाहीत या भरवशावर हा व्यवहार चालतो, आणि त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा कंपनी ग्राहक वाढवत जाते आणि पुढची वाट रुंद करत नाही. त्यामुळेच जाहिरातीत आकड्याला चिकटलेले ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय आकड्याइतकेच लक्षपूर्वक वाचावे लागते. करारात किमान वेगाचा उल्लेख आहे का, हे अवश्य पाहा.

तक्रारीसाठी सात दिवसांची नोंद ठेवा. सकाळ, दुपार आणि रात्र अशा ठरावीक वेळा धरून, केबलवर, एकाच लॅपटॉपवर वेग मोजा. दोन वेगवेगळे सर्व्हर वापरा, कारण एक जरी कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातला असला तरी पुढची कोंडी त्यात दिसणार नाही. सोबत ट्रेसरूट (माहिती वाटेत कोणकोणत्या थांब्यांवरून जाते हे दाखवणारी आज्ञा) चालवून राउटरचा आणि त्यापुढील पहिल्या थांब्याचा प्रतिसादकाळ लिहून ठेवा. राउटर १ मिलिसेकंदात उत्तर देतो, पण त्यापुढील सगळेच थांबे रात्री एकदम रेंगाळतात, असे रोज दिसले तर कोंडी कुठे आहे याचा तो चांगला पुरावा ठरतो. आणि तक्रार फोनवर करू नका. लेखी करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.

धागाकर्ता

सुमारे बारा दिवसांनी लिहीत आहे. वाय-फाय बंद ठेवून मोजल्यावर रात्रीचा वेग ५२ वरून ११० ते १२० पर्यंत गेला. म्हणजे दोषाचा काही भाग घरातलाच होता. एकाच मोबाइलवर चार हजारांहून अधिक छायाचित्रे रांगेत होती. आता ते काम पहाटेवर ढकलले आहे.

उरलेली तूट मात्र कंपनीची आहे. दुपारी २८० च्या पुढे, रात्री १२० च्या आत. राउटर सतत १ मिलिसेकंदावर, तर त्यापुढील थांबे दुपारी ४ ते ६ आणि रात्री ६० ते ८०. सातही रात्री हेच दिसले. हा तक्ता ईमेलने पाठवला. दुसऱ्या दिवशी फोन आला आणि नेहमीचाच पहिला प्रश्न विचारला गेला, की आपण वाय-फायवर मोजता का. या वेळी मी केबल, लिंक स्पीड आणि ट्रेसरूटचे आकडे ओळीने वाचून दाखवले. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही आणि मग तक्रार नेटवर्क विभागाकडे वर्ग करत असल्याचे सांगण्यात आले. आज चौथा दिवस आहे आणि ती अजून उघडी आहे. रात्रीचा वेग काल १२४ होता.